शिकागोच्या रात्री आणि पाखरांच्या हाका



कामगार चळवळीतल्या माणसाला वसंत व्याख्यानमालेला बोलावले म्हणजे तो महागाईभत्त्यावर बोलणार, हे श्रोते गृहीतच धरतात. त्यातून महिना मे. तेव्हा शिकागोचे नाव आम्ही घेणारच आहोत. १८८६ साली आठ तासांच्या दिवसासाठी ज्या शहरात रक्त सांडले, त्या शहराचा नकाशा आम्ही तरुणपणी वाचनालयात बसून बोटाने गिरवला होता. त्याच शहरावरून रात्री लक्षावधी पाखरे जातात, हे मात्र आम्हांला पन्नाशी उलटल्यावर कळले.

त्याचे मूळ सोलापुरातल्या एका फाटकावर आहे. यंत्रमागाच्या संपात कार्तिकातली एक रात्र आम्ही फाटकाशी जागवीत होतो. माग बंद. एवढ्यात अगदी उंचावरून घोगऱ्या हाका आल्या आणि सरकत दक्षिणेला गेल्या. दिसले काहीच नाही. शेजारचा म्हातारा विणकर म्हणाला, “करकोचे आले, अण्णा. धरणावर उतरतील.” वीस वर्षे आम्ही रातपाळीच्या फाटकावर उभे राहत आलो, मागांच्या खडखडाटापायी हा आवाज कधी कानी पडला नव्हता. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते असेच, कोणीतरी बोलले म्हणून पुस्तक शोधले, या रीतीने. करकोच्यांमागे लागून वाचता वाचता आम्ही पुन्हा शिकागोला पोहोचलो.

कॅनडातल्या अरण्यांत उन्हाळा काढणारी लहान पाखरे हिवाळ्यापूर्वी दक्षिणेस जातात आणि एप्रिल-मे महिन्यांत परततात. प्रवास बहुतेक रात्रीचा. रात्री हवा थंड आणि स्थिर असते, ससाण्याचे भय कमी, आणि दिवस पोट भरण्यास मोकळा राहतो. वाट ती ताऱ्यांवरून व पृथ्वीच्या चुंबकत्वावरून ओळखतात. शिकागो मिशिगन सरोवराच्या काठी, म्हणजे नेमके या वाटेवर वसलेले आहे.

अंधारात उडणारे पाखरू पाहायचे कसे? एक उपाय चंद्राचा. दुर्बीण पूर्ण चंद्रावर लावून बसायचे आणि त्या तबकडीवरून सरकणाऱ्या सावल्या मोजायच्या. जॉर्ज लाउरी या प्राध्यापकाने १९५२च्या शरदात अमेरिकेत दोनशेंहून अधिक ठिकाणी हजारावर माणसे अशी दुर्बिणीशी बसवली. एवढी माणसे एका कामाला रात्रभर जागी ठेवणे म्हणजे काय, हे आम्ही जाणतो! दुसरा उपाय नुसत्या कानाचा. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात ऑरिन लिबी हा इतिहासाचा अभ्यासक १८९६च्या सप्टेंबरात एका टेकडीवर जाऊन बसला आणि एका रात्रीत त्याने तीन हजारांहून अधिक हाका मोजल्या. या हाका दिवसाच्या गाण्यासारख्या नसतात. एकेक हाक क्षणाच्याही अंशाची. चिमणीच्या जातीची बारीक ‘त्सीप’, तर एका जातीच्या कस्तुराची थेट लहान बेडकासारखी. अंधारात एकमेकांचा माग राहावा म्हणून त्या असतात, असे विद्वान मानतात.

आणि या हाकांनीच घात होतो. सरोवराच्या अगदी काठावर मॅक्‌कॉर्मिक प्लेस नावाचे प्रचंड काचेचे सभागृह आहे. तिथे पाखरे आपटून मरतात असे १९७८ साली डेव्हिड विलर्ड या तिथल्या फील्ड संग्रहालयातल्या माणसाच्या कानावर आले. तो सकाळी कामावर जाता जाता पाहायला गेला, आणि पुढे चार दशकांहून अधिक काळ हंगामात पहाटे जाऊन मेलेली पाखरे उचलून त्यांची नोंद ठेवीत राहिला. दोन-अडीच तोळ्यांचे एकेक जीव! २०१९ साली या नोंदींतून निघाले ते असे : ज्या जाती रात्री उडताना हाका देतात, त्याच अधिक मरतात. दिव्याने भांबावलेले पाखरू ओरडते आणि ती हाक ऐकून, वाटेवरची आणखी पाखरे त्याच उजेडात ओढली जात असावीत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. आम्ही हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. आयुष्यभर आम्ही माणसांना एकमेकांना हाक द्यायला शिकवीत आलो.

५ ऑक्टोबर २०२३च्या सकाळी त्या एका इमारतीखाली हजाराच्या आसपास पाखरे मरून पडलेली मिळाली. दिवे कमी केले तर मृत्यू पुष्कळ घटतात हे २०२१ सालीच नोंदींवरून सिद्ध झाले होते. पण अशा इमारतींत रात्री दिवे का जळतात? काही शोभेसाठी, हे खरे. काही मात्र फरशी पुसणाऱ्या माणसांसाठी. ‘दिवे मालवा’ म्हणणाऱ्या सज्जनांना आमचे सांगणे एवढेच, की त्या दिव्याखाली कोण उभे आहे ते आधी पाहा आणि त्याला दिवसाची पाळी मागून द्या. मग दिवाही विझेल आणि तो माणूसही रात्री घरी झोपेल. शिकागोत १८८६ साली मागितले होते ते याहून फार निराळे नव्हते.

२०२४ साली त्या काचांवर बारीक ठिपक्यांचा पडदा चिकटवला. त्या शरदात मृत्यू सुमारे पंचाण्णव टक्क्यांनी घटले.

आता वैशाख आहे, करकोचे केव्हाच उत्तरेस गेले. तरीही मंडपाचे दिवे पाच मिनिटे मालवावेत, अशी विनंती आम्ही व्यवस्थापकांना केली आहे आणि त्यांनी ती मानली आहे. काही ऐकू येईलच असे वचन आम्ही देत नाही. टाळ्या कृपया त्यानंतर.