पडीत भूखंड आणि निस्ताराचा हक्क



कार्यक्रमपत्रिकेत ‘सामुदायिक सेंद्रिय बाग’ हे शब्द वाचून आपणांपैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे कुदळ, फावडे आणि बियाण्यांच्या पुड्या उभ्या राहिल्या असतील. परंतु ज्या जागेवर ही बाग व्हावयाची, म्हणजे इकडे वस्ती आणि तिकडे एमआयडीसीच्या कारखान्याची भिंत यांच्यामध्ये उरलेला, गाजरगवताने झाकलेला आणि बांधकामाचा मलबा पोटात घेऊन बसलेला जो तुकडा, तो आपण समजतो तसा रिकामा कधीच नसतो, हे मला आज मुख्यतः सांगावयाचे आहे. त्याला मालक असतो, आणि मालक निजलेला असला तरी वहिवाट जागी असते. कोणाच्या शेळ्या तेथे चरतात, भंगार वेचणारी एखादी बाई आपली पोती तेथे निवडते, आणि सायंकाळी मुलांच्या क्रिकेटला सबंध वस्तीत तेवढेच मैदान असते. या मंडळींना न विचारता कुंपण घातले, तर ते पहिल्या पावसाळ्यातच मोडते. आणि खरे सांगावयाचे तर ते मोडणे मला सर्वस्वी अन्यायाचेही वाटत नाही.

विदर्भातील श्रोत्यांना हे समजावून सांगण्याची वास्तविक गरज नसावी. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, १९५१ साली संपुष्टात आली; तथापि कोणाच्याही भोगवट्यात नसलेल्या जमिनीशी गावाचा जो संबंध असतो तो कागदावर राहिला, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत त्यासाठी एक स्वतंत्र प्रकरण आहे, जे उर्वरित महाराष्ट्राला नव्हे, केवळ विदर्भाला लागू आहे. गुरे कोठे चारावी, जळण, मुरूम व माती कोणी कोणत्या शर्तीवर न्यावी याची व्यवस्था म्हणजे निस्तार, आणि ती निस्तारपत्रकात लिहिलेली असते. खाजगी जमिनीतून जाण्याची वाट, तेथील पाण्यावरचे सिंचन, मासेमारी यांविषयींचे रिवाज वाजिब-उल-अर्जात नोंदले जातात. आमच्या सुशिक्षित वर्गाने हे दोन्ही कागद तलाठ्याच्या दप्तरात धूळ खात ठेवले आणि सामुदायिक मालमत्तेवरील व्याख्याने मात्र परदेशातून मागविली! माझी सूचना अशी आहे की, ज्यांना बाग करावयाची त्यांनी बियाण्यांच्या दुकानापूर्वी तहसील कचेरीची पायरी चढावी. जागा नझूलची, म्हणजे सरकारी, आहे, नगरपंचायतीची आहे, औद्योगिक महामंडळाची आहे, की एखाद्या लेआउटमधील सार्वजनिक उपयोगासाठी सोडलेली आहे, हे आधी उतारे व नकाशा पाहून ठरवावे. नंतर किमान पाच वर्षांचा लेखी करार करावा. आणि त्याच कागदात शेळ्यांना कोणता कोपरा राहील, मुलांना मैदान किती राहील, पाण्याची पाळी कोणाची, उत्पन्नाचा वाटा कोणाला, हे जुन्या निस्ताराच्या धर्तीवर लिहून काढावे.

तोंडी परवानगीवर विसंबू नये; मालकाची मर्जी केव्हा फिरेल याचा नेम नसतो. न्यूयॉर्कमध्ये बाउरी आणि ह्यूस्टन या रस्त्यांच्या कोपऱ्यावरील उकिरडा लिझ क्रिस्टी व तिच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली साफ केला, आणि पुढच्या वर्षी नगरप्रशासनाने ती जागा महिना एक डॉलर भाड्याने दिली. त्या उदाहरणाने शहरभर बागा झाल्या. परंतु १९९९ साली तेथील महापौरांनी शंभराहून अधिक बागा लिलावात काढावयाचे ठरविले, आणि त्या वाचल्या त्या बहुतांशी लोकांनी व संस्थांनी पैसे उभे करून जमिनी विकत घेतल्या म्हणून.

आता मातीकडे येऊ. आपली काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते आणि श्रावणात फुगून पाणी धरून बसते. त्यात सिमेंट-चुन्याचा मलबा मिसळला की ती अधिकच अल्कधर्मी होते, आणि जस्तासारखी द्रव्ये मातीत असूनही झाडाला मिळेनाशी होतात. पण याहून गंभीर प्रश्न कारखान्यांच्या शेजाराचा आहे. नाल्याकाठच्या मातीत शिसे किंवा कॅडमियम आहे काय, हे तपासल्याखेरीज तेथे पालक पेरू नये, कारण पालेभाजी कॅडमियम फळभाजीपेक्षा अधिक ओढून घेते. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेचे मुख्यालय ज्या नागपुरात आहे, त्याच्या वेशीवर राहणाऱ्यांनी माती न तपासता भाजी खावी, हे शोभत नाही. अहवाल वाईट आला तर भाजीचा हट्ट सोडून झाडे लावावीत. धारावीजवळ मिठी नदीच्या काठी, जेथे मुंबईचा कचरा टाकला जात असे त्या सदतीस एकरांवर, १९९४ साली जे महाराष्ट्र निसर्ग उद्यान खुले झाले, तेथे भाजीचा मळा न करता वन उभे केले, यात मोठा विवेक होता.

अहवाल चांगला आला, तरी मलब्याच्या जागी वरची माती आपल्यालाच तयार करावी लागते. कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोळकरांनी प्रयोग परिवारामार्फत ही विद्या गावोगाव नेली. आणि या शतकाच्या आरंभी मुंबई पोर्ट ट्रस्टच्या खानपान अधिकारी प्रीती पाटील यांनी तीच विद्या उपाहारगृहाच्या गच्चीवर वापरून, स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यावर फळझाडे व भाज्या वाढविल्या. कृती साधी आहे. दहा लिटर पाण्यात एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र व पन्नास ग्रॅम काळा गूळ घालून ते तीन दिवस दिवसातून दोन-तीनदा ढवळावे. चौथ्या दिवशी त्यात दसपट पाणी मिसळावे. त्यात वाळका पाला दिवसभर बुडवून, मग एक थर पाल्याचा व एक पातळ थर मातीचा असा फूटभर उंचीचा वाफा रचावा. आठवड्याला एकदा तो खालीवर करावा, ओल मोडू देऊ नये. महिन्याने त्यावर धान्य, कडधान्य, मेथी, अंबाडी, सांबार (कोथिंबीर) असे मिश्र बी पेरून, कोवळे रोप तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने कापून तेथेच मातीत मिसळावे. गाजरगवतसुद्धा फुलावर येण्यापूर्वी कापले तर या ढिगात खपते. फुलल्यावर मात्र त्याला हात लावू नये, कारण त्याने अंगावर पुरळ उठते आणि बी सगळ्या बागेत पसरते.

एवढे सगळे व्हावयास चार-साडेचार महिने लागतात, आणि उतावळ्या मंडळींची निराशा येथेच होते. आज ढीग लावला तर माती पोळ्याच्या सुमारास हाती येईल, आणि पहिली खरी भाजी दसऱ्याच्या मागेपुढे. म्हणून या मे महिन्यात, पारा पंचेचाळिसावर असताना, टँकरच्या पाण्यावर वांगी जगविण्याची खटपट कोणी करू नये, ढीग ओला राहील एवढेच पाणी मागावे. वाळका पाला मात्र आताच जमवावयास हवा. सागाची, पिंपळाची, कडुनिंबाची पानगळ प्रत्येक लेआउटच्या रस्त्यावर पडलेली आहे, आणि झाडलोट करणारे ती सकाळी कडेला ओढून पेटवून देतात. या सभागृहातील मंडळींनी आपापल्या गल्लीत ती काडी थांबविली व पाला पोत्यांत भरून ठेवला, तर जागेचा कागद होईपर्यंत पहिल्या दहा वाफ्यांचा माल तयार असेल.