डोरोथी कोण?

रेडिओ केंद्रातल्या ताई म्हणाल्या, जहाजावर इतकी वर्षं काम केलंस, तर तिथलं काहीतरी सांग. जहाजाचं नाव काढलं की लोकांना आधी ऐकायचं असतं ते जेवणाचं. किती प्रकार असतात, रात्री बारालाही मिळतं का, वगैरे. मिळतं. आज मात्र मी माणसांबद्दल बोलणार आहे. विषय असा आहे की घरात सासरे, दीर बसले असतील तर काही जणी रेडिओचा आवाज बारीक करतील. करू नका. त्यांनीही ऐकावं असंच आहे.

आधी क्रूझ म्हणजे काय ते सांगते. आमच्या आजीच्या वेळी मुंबई-गोवा बोट होती. ती माणसांना गावाला पोचवायची. क्रूझ कुठे पोचवायला जात नाही. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातून निघते, कॅरिबियन समुद्रातली चार-पाच बेटं दाखवते आणि आठवड्याने निघाली तिथेच परत येते. आमच्या जहाजावर तीन हजारांच्या आसपास प्रवासी आणि हजाराच्या वर कामगार. गोव्यातले आणि आमच्या सिंधुदुर्गातले बरेच मुलगे ‘शिपवर’ आहेत, तुम्हाला माहीत असेल. मुली कमी. मी हाउसकीपिंगला होते, म्हणजे खोल्या लावायच्या. आठ महिन्यांचं कंत्राट, त्यात सुट्टीचा एक दिवस नाही. सोळा-सतरा केबिन माझ्याकडे, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा.

संध्याकाळच्या फेरीत पलंग नीट करायचा, टॉवेलचा हत्ती नाहीतर माकड करून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम छापलेला कागद ठेवायचा. जहाज बंदराला किती वाजता लागणार, नाच कुठे, जादूचे प्रयोग कुठे, सगळं त्यात. आता बरंचसं मोबाइलवर आलंय, पण तेव्हा कागदच. त्या कागदात खाली बारीक अक्षरात दोन ओळी रोज असायच्या. एक, ‘फ्रेंड्स ऑफ बिल डब्ल्यू.’, म्हणजे बिलचे मित्र, अमुक खोलीत, अमुक वेळेला. दुसरी, ‘फ्रेंड्स ऑफ डोरोथी’, डोरोथीचे मित्र, संध्याकाळी पाचला, वरच्या मजल्यावरच्या बारमध्ये.

मी आमच्या सुपरवायझर बाईंना विचारलं, हा बिल कोण आणि ही डोरोथी कोण? दर आठवड्याला प्रवासी बदलतात, मग ही दोघं दर आठवड्याला कशी काय येतात?

त्या हसल्या. बिल म्हणजे बिल विल्सन. दारू सोडू बघणाऱ्यांची अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही संघटना 1935 मध्ये अमेरिकेत सुरू झाली, तिच्या दोन संस्थापकांपैकी एक. आपल्याकडेही तिचे गट आहेत, गटातल्या काही जणींच्या घरची माणसं तिथे जात असतील. जहाजावर प्रत्येक मजल्यावर दारू, आणि त्याच जहाजावर न पिणाऱ्यांनी एकमेकांना धरून राहायला तासभर जागा. मला हे फार आवडलं होतं.

आणि डोरोथी? ती खरी बाई नाहीच. 1939 साली ‘द विझार्ड ऑफ ऑझ’ नावाचा सिनेमा आला, त्यातली ही मुलगी. पायात लाल चमकदार बूट घालून अनोळखी देशात चालत जाते. वाटेत तिला भेटतात एक गवताचा माणूस, एक पत्र्याचा माणूस आणि एक भित्रा सिंह. ती कोणालाही ‘तू असा कसा’ असं विचारत नाही, सोबत घेते. पुरुषाला पुरुषाबद्दल ओढ वाटते, बाईला बाईबद्दल वाटते, अशी जी माणसं असतात, ज्यांना समलिंगी म्हणतात, त्यांनी अमेरिकेत हा शब्द खुणेसाठी घेतला असं बहुतेक जण सांगतात. उघड विचारलं तर नोकरी जायची, मार बसायचा. म्हणून विचारायचं, ‘तुम्ही डोरोथीच्या ओळखीचे का हो?’ ज्याला कळायचं त्याला कळायचं.

ह्याची एक गंमत ऐका. 1980 च्या सुमारास अमेरिकेच्या सैन्यात अशा माणसांना मनाई होती. नौदलाच्या तपास खात्यातल्या लोकांनी शिकागोकडे अशा सैनिकांचा शोध चालवला होता. त्यांच्या कानावर सारखं यायचं, हे डोरोथीचे मित्र. त्यांना वाटलं, डोरोथी नावाची कोणी बाई ह्या सगळ्यांना ओळखते, ती सापडली की काम फत्ते. मग ते तिलाच शोधत हिंडले! आता सिनेमातली मुलगी कुठून सापडणार?

बरं, आता माझ्या कामाचं. केबिनमध्ये दोन सुटे पलंग असतात. जोडले की एक मोठा होतो. पहिल्या संध्याकाळी आम्हाला विचारावं लागतं, पलंग जोडून हवेत की वेगळे? नवरा-बायको असले तर प्रश्न नसतो. दोन बहिणी असल्या तर वेगळे. पण दोन बायका, आडनावं वेगळी, वयं साठीच्या पुढची, तर काय? तर तेव्हाही तेच विचारायचं, त्याच आवाजात. भुवई वर जाता कामा नये. आमच्या ट्रेनिंगमध्ये टॉवेलचा हत्ती करायला दोन दिवस शिकवलं, हे कोणी शिकवलं नाही. हे ज्याचं त्याने शिकायचं.

अशाच दोघी एकदा माझ्या केबिनमध्ये होत्या. मी विचारल्यावर एक जण दुसरीकडे बघायला लागली. मग म्हणाली, ‘जोडून.’ दोन दिवसांनी तिनेच सांगितलं, एकतीस वर्षं आम्ही एकत्र राहतो. हॉटेलात गेलो की दोन पलंगांची खोली घ्यायची आणि सकाळी उठून रिकाम्या पलंगाची चादर चुरगाळून ठेवायची. साफ करायला येणाऱ्या बाईला वाटावं, इथेही कोणी झोपलं होतं.

मी ती साफ करायला येणारी बाई. माझ्यासाठी एकतीस वर्षं चादर चुरगाळत होत्या त्या.

त्या दोघी पाच वाजता डोरोथीच्या बैठकीला गेल्या. त्या बैठकीला जहाजाचा कोणी माणूस नसतो, नुसती जागा आणि वेळ छापलेली. त्यामुळे व्हायचं असं की दहा-बारा माणसं बारमध्ये वेगवेगळ्या टेबलांवर बसलेली, प्रत्येकाच्या मनात, हा त्यातला की नुसता सरबत प्यायला आलाय? विचारणार कसं? पहिल्या दिवशी तासभर असाच गेला. दुसऱ्या दिवशी ह्यांनी कागदी रुमालावर पेनाने लाल बूट काढले आणि टेबलावर उभे करून ठेवले. मग एकेक जण आला.

त्यात माझ्याच मजल्यावरची एक बाई होती. एकटी आली होती, सत्तरीची असेल. तिच्या उशाशी रात्री एक फोटो असायचा. सकाळी मी यायच्या आत तो खणात जायचा. मला कसं कळलं? टेबलावर फोटोच्या पायाचा ओरखडा दिसायचा आणि संध्याकाळच्या फेरीला ती कधी खोलीतच असली तर घाईघाईने काहीतरी आत सरकवायची. चौथ्या दिवशी सकाळी फोटो बाहेरच होता. मी त्याच्याभोवतीची धूळ पुसली, फोटो होता तिथे ठेवला. पाचव्या दिवशी तिने स्वतःहून सांगितलं. फोटोतली बाई तिची जोडीदार. वर्षापूर्वी वारली. अंत्यविधीला तिचे भाऊ, भाचे पुढच्या रांगेत होते आणि ही मागे, शेजारीण म्हणून. सव्वीस वर्षांचा संसार, पण घरी भेटायला म्हणून कोणी आलं नाही. कारण कोणाला माहीतच नव्हतं की हिचं माणूस गेलंय. त्या लाल बुटाच्या टेबलावर पहिल्यांदा कोणीतरी तिला विचारलं, शेवटी त्रास झाला का गं तिला?

आपल्याकडे माणूस गेलं की दहा दिवस घर भरलेलं असतं. आपण कंटाळतो कधीकधी त्या येण्याजाण्याला. त्या बाईला बघून मला ते येणंजाणं काय असतं ते कळलं.

आता कोणी म्हणेल, अमेरिकेत काय, सगळं चालतं. तसं नाही. जहाजावर हातात हात घालून फिरणारी जोडपी मी बंदरावर बघितली आहेत. जहाजातून उतरायचा जिना असतो, गँगवे, तिथे कार्ड दाखवून खाली जायचं. त्या जिन्यावर हात सुटायचे. कारण आमचं जहाज जमैकाला थांबायचं, आणि तिथे 1864 चा इंग्रजांच्या वेळचा कायदा आहे, पुरुषांनी एकमेकांशी संबंध ठेवला तर तुरुंग. आपल्याकडचं 377 कलम इंग्रजांनीच 1860 च्या दंडसंहितेत घातलेलं. आपल्या सुप्रीम कोर्टाने 6 सप्टेंबर 2018 ला सांगितलं की सज्ञान माणसांनी राजीखुशीने एकत्र राहणं हा गुन्हा नाही. बार्बाडोसच्या कोर्टाने 2022 मध्ये तसंच केलं. जमैकात कायदा आहे तिथेच आहे. म्हणजे एका आठवड्याच्या सफरीत माणूस सोमवारी नवरा-बायकोसारखं राहायचं आणि बुधवारी गुन्हेगार.

काही वेळा तर अख्खं जहाजच परत पाठवलेलं आहे. 1998 मध्ये केमन बेटांच्या सरकारने समलिंगी प्रवाशांचं, आठ-नऊशे माणसांचं जहाज बंदराला लागू दिलं नाही. सगळं जहाज त्यांनीच भाड्याने घेतलेलं होतं. असं जहाज घ्यायची पद्धत 1986 पासून आहे. बायकांचंही आहे बरं का. ऑलिव्हिया म्हणून एक कंपनी. काही बायकांनी मिळून 1973 मध्ये सुरू केली, तेव्हा गाण्याच्या तबकड्या काढायच्या. गाणाऱ्या बायका, रेकॉर्डिंग करणाऱ्याही बायका. पुढे त्यांनी हिशेब मांडला आणि 1990 मध्ये सहाशे बायकांना घेऊन बहामाला क्रूझ नेली. सहाशे बायका, आणि खोटं बोलायला लागेल असं जहाजावर कोणी नाही. आपल्या गटातल्या जणींना मी हे सांगते तेव्हा त्या पहिल्यांदा विचारतात, आणि स्वयंपाक कोणी केला?

लग्नाचंही सांगते, कारण ते मला विशेष वाटतं. जहाजावर कायदा चालतो तो जहाज ज्या देशात नोंदलंय त्या देशाचा. माल्टा नावाचा युरोपातला चिमुकला देश, त्याने 2017 मध्ये अशा लग्नांना मान्यता दिली. बरीच मोठी जहाजं माल्टात नोंदलेली. लगेच 2018 च्या जानेवारीत सेलिब्रिटी इक्विनॉक्स ह्या जहाजावर कॅप्टनने दोन पुरुषांचं लग्न लावलं. आपल्याकडे 2023 च्या ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, लग्नाचा कायदा बदलायचा तर तो संसदेने बदलावा. म्हणजे आपल्याकडे ही माणसं आता गुन्हेगार नाहीत, पण एकमेकांची कायदेशीर कोणीही नाहीत.

हे झालं वरच्या मजल्यांवरचं. खाली, पाण्याच्या पातळीजवळ, आमच्या कामगारांच्या खोल्या. प्रवाशांशी जवळीक केली तर नोकरी जाते, तेव्हा आमच्यापैकी कोणी डोरोथीच्या बैठकीला जाऊ शकत नव्हतं. पण खालीही तशी माणसं होतीच, फिलिपिन्सची, ब्राझीलची, आपल्याकडची. आमच्याकडचा एक मुलगा जेवणाच्या विभागात होता. गाव सांगत नाही, किनाऱ्यावरचा आहे एवढंच. जहाजावर सगळ्यांना माहीत होतं, कोणी काही म्हणायचं नाही. उलट तो सगळ्यांची थट्टा करायचा. कंत्राट संपायला पंधरा दिवस राहिले की मात्र त्याचं बोलणं बंद व्हायचं. मी विचारलं, काय रे झालं? म्हणाला, ‘ताय, घराकडे चेडू बघून ठेवल्यानी.’ घरच्यांनी मुलगी पाहून ठेवली होती. शिपवरचा मुलगा म्हटला की स्थळांना तोटा नाही, डॉलरमध्ये पगार. पत्रिका जुळलेली. त्याचा विचार असा की लग्न करून टाकावं, आठ महिने तर आपण समुद्रावरच असतो.

मला त्याची दया आली, पण राग जास्त आला. मी त्याला म्हटलं, तुझं मन तुला ठाऊक आहे. त्या मुलीला कोण सांगणार? ती दर रात्री आरशात बघून म्हणेल, माझ्यात काय कमी आहे? वर्ष झालं की तुझी आई तिला विचारेल, अजून पाळणा कसा नाही? तिला उपासाला बसवतील, डॉक्टर, देवऋषी सगळं तिला करायला लावतील. तुला कोणी काही विचारणार नाही. मैत्रिणींनो, अशी बाई आपल्यापैकी प्रत्येकीने कुठे ना कुठे बघितलेली आहे. तेव्हा आपण एवढंच म्हटलं, हिचं नशीब.

तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मग घरी जाऊन आधी थोरल्या बहिणीला सांगितलं. शाळा फार शिकलेली नाही ती, मासळी विकते. तिने त्याच संध्याकाळी मुलीच्या घरी जाऊन ‘आमचो झील तयार नाय’ एवढंच सांगून बोलणं मोडलं. भावाचं कारण गावात कुठे फुटू दिलं नाही आणि मुलीलाही बोल लागू दिला नाही. आईने वर्ष-दीड वर्ष मुलाशी बोलणं टाकलं. पैसे येत होते ते घेत होती, बोलत नव्हती.

आता बोलते. तो अजून शिपवर आहे. जहाज बंदराला लागलं आणि वायफाय मिळालं की घरी फोन करतो. काय जेवलास, पाऊस आहे का, पाठ दुखते का, हे विचारते. त्याच्याबरोबर खोलीत राहतो तो फिलिपिन्सचा मुलगा कसा आहे, हे मात्र ती नाही विचारत. मागच्या वेळी बहिणीने फोन हातात असताना मुद्दाम मोठ्याने विचारलं, आणि म्हातारी उठून बाहेर गेली नाही. मासे निवडत तिथेच बसून राहिली.