चाळीसगावचा टांगा

(नरडाणा इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



काल रात्री तुमच्यातल्या एका पोरानं मला सरळ विचारलं, ‘भाऊ, निवडणुकीला उभं राहायचं का नाही? त्यांच्या सभागृहात जाऊन बसलं की माणूस त्यांचाच होतो ना?’

सवाल खरा आहे. आपली माणसं खुर्चीत बसल्यावर कशी विरघळतात ते आपण बघितलंय. म्हणून आज परक्याच्या राज्यात खुर्चीवर बसलेल्या माणसाचा हिशेब मांडतो. तुम्ही दर ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जाता. १९३७ साली कोर्टाच्या कामाला धुळ्याला आलेले बाबासाहेब त्या दिवशी तिथं राहिले, म्हणून. यात्रा करता, फोटो विकत घेता. घ्या. पण त्याआधी आठ वर्षं याच खानदेशात त्यांच्यासोबत काय घडलं, ते किती जणांना ठाऊक आहे?

१९२९ सालचा ऑक्टोबर. बाबासाहेब मुंबई कायदे कौन्सिलात सरकारनियुक्त सभासद. बॅरिस्टर. न्यूयॉर्क आणि लंडन, दोन्हीकडची डॉक्टरेट. अस्पृश्यांची आणि आदिवासींची गाऱ्हाणी तपासायला सरकारनं स्टार्टे समिती नेमलेली, तिचे ते सभासद. एका गावानं आपल्या लोकांवर बहिष्कार टाकला होता, त्याची चौकशी करायला ते धुळ्याच्या गाडीनं गेले आणि परत चाळीसगावला उतरले. स्टेशनावर आपली माणसं हार घेऊन उभी. महारवाडा नदीच्या पलीकडं, चालत जाण्याएवढा. पण आपला बॅरिस्टर पायी चालणार? लोकांना ते पटेना. टांगा बघायला माणसं पळाली, आणि एकही टांगेवाला यायला तयार होईना. महाराला घेऊन टांगा हाकायचा? इज्जत जाते!

शेवटी तडजोड झाली. टांगा भाड्यानं मिळेल, हाकणारा मिळणार नाही. मग आपल्यातलाच एक लगाम धरून बसला. बिचाऱ्यानं जन्मात टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या फरशीवर कठड्याच्या दगडांत चाक अडकलं. बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, घोडा आणि टांगा नदीत. पाय मोडला. उचलून महारवाड्यात न्यावं लागलं.

माझी आजी चाळीसगाव तालुक्यातली. ही गोष्ट सांगताना तिला एकच कोडं पडायचं, ‘इतला मोठा बालिस्टर, आन् त्याले टांगा नही?’

आजीचं कोडं बाबासाहेबांनाही पडलं होतं, ते लहानपणीच. १९०१ साली मसूर स्टेशनावर उतरलेली सातारची ती पोरं. बापाकडं गोरेगावला जायचं होतं. गाडीवानानं दुप्पट भाडं घेतलं, आणि गाडी हाकायला लावली पोरांनाच. अठ्ठावीस वर्षांत पोराचा बॅरिस्टर झाला, कौन्सिलर झाला. टांगेवाला होता तिथंच! दोन्ही प्रसंग बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’त स्वतः लिहून ठेवलेत.

आता जरा जगाकडं बघा. त्याच काळात फिलिपाइन्सवर अमेरिकेचं राज्य. तिथला मॅन्युएल केझॉन १९०९ ते १९१६ वॉशिंग्टनच्या काँग्रेसमध्ये आपल्या देशाचा प्रतिनिधी म्हणून बसला. भांडायचा हक्क होता, मत द्यायचा नव्हता. त्यानं भांडून स्वातंत्र्याचं वचन देणारा १९१६ चा जोन्स कायदा पदरात पाडला. १९३५ ला राष्ट्राध्यक्ष झाला, १९४४ ला मेला, आणि देश सुटला १९४६ ला. केझॉनची लढाई बिकट होती. पण मनिलातल्या कुठल्या गाडीवानानं त्याला जातीपायी उतरवलं नसतं. त्याच्या डोक्यावर एक धनी होता. बाबासाहेबांच्या डोक्यावर दोन. एक इंग्रज, दुसरा हा टांगेवाला आणि त्याच्या मागची सगळी उतरंड.

तर मग खुर्चीचं त्यांनी काय केलं? १९२८ ला कौन्सिलात महार वतनाचं बिल आणलं. माझा आजा तालुक्याला सरकारी वसूल पोचवायचा, मढ्याचा सांगावा घेऊन उन्हातान्हात पळायचा. मोबदला काय, तर जमिनीचा तुकडा आणि दारोदारचं बलुतं. ती वेठ तोडायला हे बिल होतं. १९२९ ला मागं घ्यावं लागलं. वतन कायद्यानं गेलं ते १९५८ च्या कायद्यानं. तीस वर्षं!

चाळीसगावनंतर वर्षभरानं, १९३० च्या नोव्हेंबरात, हा माणूस लंडनच्या गोलमेज परिषदेत उभा राहिला. ज्या सरकारनं नेमलं त्याच सरकारला त्यानं तोंडावर विचारलं, तुम्ही यायच्या आधी आम्हाला विहीर बंद होती, आज उघडली का? देऊळ उघडलं का? पोलिसात, पलटणीत घेता का? दीडशे वर्षं केलंत काय? नेमणुकीचा मिंधा माणूस असं विचारील?

१९३६ ला स्वतंत्र मजूर पक्ष. १९३७ ला निवडून गेले, त्याच वर्षी खोती मोडायचं बिल. १९३८ ला संपाचा हक्क आवळणारा कायदा आला, तेव्हा ७ नोव्हेंबरला डांग्यांच्या लालबावट्यासोबत संप. म्हणजे आत भाषण, बाहेर संप. १९४२ ते ४६ व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खातं सांभाळलं. कारखान्यातले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ करणारा कायदा १९४६ चा, त्याचं बिल त्यांनी मांडलं.

इथं हायवेलगतच्या कारखान्यांत तुमच्यातले कितीतरी जण ठेकेदाराकडं जातात. बारा-बारा तास उभे राहता. ४८ तासांचा कायदा कुणी मांडला हे तुम्हाला माहीत नाही, आणि ठेकेदार ते तुम्हाला सांगणार नाही. फोटो मात्र त्याच्याही ऑफिसात आहे.

तर काल विचारणाऱ्या दोस्ता, ऐक. सभागृहात जायचं, जरूर जायचं. पण जाताना आपल्या वस्तीचं गाऱ्हाणं खिशात पाहिजे, आणि बाहेर आपली माणसं रस्त्यावर उभी पाहिजेत. हे दोन्ही नसेल तर घरीच बस. आणि खुर्ची मिळाली म्हणून टांगेवाला टांगा देईल या भ्रमात राहू नकोस. बाबासाहेबांना दिला नाही.

चाळीसगावच्या त्या आपल्या माणसाला मी हसत नाही. त्यानं लगाम हातात घेतला, हिंमत केली. हाकणं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. पुढं बाबासाहेबांनी १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं, ते ह्याचसाठी. कायदा वाचायला शिका, हजेरीपट वाचायला शिका, युनियन चालवायला शिका. टांगा आपणच हाकायचा आहे, पण आता नदीत पडायचं नाही.

जयभीम.