अठरा हंगामांची वाट

रॉयल चॅलेंजर्स बेंगळुरू, म्हणजेच आरसीबी, या संघाने आयपीएलचा करंडक पहिल्यांदा जिंकला तो ३ जून २०२५ रोजी, अहमदाबादमध्ये. स्पर्धेचा तो अठरावा हंगाम होता आणि आरसीबी पहिल्या हंगामापासून खेळत होती. तोवर मुंबई आणि चेन्नई यांनी प्रत्येकी पाच वेळा करंडक नेला होता. बेंगळुरू तीनदा अंतिम सामन्यापर्यंत जाऊन हात हलवत परतले होते. मोठ्या खेळाडूंची वानवा या संघाला कधीच नव्हती. अडत होते ते संघ बांधण्याच्या हिशेबात.

२००८ साली विजय मल्ल्या यांच्या उद्योगसमूहाने ११ कोटी १६ लाख डॉलर मोजून हा संघ घेतला. त्या लिलावात यापेक्षा जास्त बोली फक्त मुंबईला लागली. कर्णधार राहुल द्रविड, जोडीला जॅक कॅलिस, वसीम जाफर, शिवनारायण चंद्रपॉल, अनिल कुंबळे. कसोटीला शोभेल असा हा ताफा होता. १८ एप्रिल २००८ रोजी स्पर्धेचा पहिलाच सामना बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर झाला. कोलकात्याच्या ब्रेंडन मॅक्युलमने एकट्याने नाबाद १५८ धावा कुटल्या आणि यजमानांचा डाव ८२ धावांत आटोपला. त्या वर्षी आठ संघांत आरसीबी सातवी आली.

पुढच्याच वर्षी स्पर्धा दक्षिण आफ्रिकेत झाली आणि कुंबळेच्या नेतृत्वाखाली संघाने अंतिम फेरी गाठली. जोहान्सबर्गला कुंबळेने १६ धावांत ४ बळी घेऊन डेक्कन चार्जर्सना १४३ धावांवर रोखले, तरी सामना ६ धावांनी गेला. २०११ साली चेन्नईने ५८ धावांनी हरवले. त्या मोसमात गोलंदाजांना सळो की पळो करून सोडणारा ख्रिस गेल त्या दिवशी पहिल्याच षटकात शून्यावर बाद झाला.

सर्वांत जिव्हारी लागला तो २०१६ चा पराभव. विराट कोहलीने त्या हंगामात चार शतकांसह ९७३ धावा केल्या होत्या आणि अंतिम सामना घरच्याच मैदानावर होता. सनरायझर्स हैदराबादने २०८ धावा उभारल्या. त्यातल्या ६१ धावा शेन वॉटसनच्या चार षटकांत निघाल्या. शेवटच्या षटकात तर बेन कटिंगने त्याला २४ धावा चोपल्या. उत्तरादाखल गेल आणि कोहली यांनी साडेदहा षटकांत ११४ धावांची सलामी दिली. ते दोघे बाद झाल्यावर मात्र मधली फळी ढेपाळली आणि सामना ८ धावांनी हातचा गेला.

दुखणे नेमके संघबांधणीतच होते. चिन्नास्वामीच्या सीमारेषा जवळ आहेत आणि शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्याने हवा विरळ आहे, त्यामुळे चेंडू लांब जातो. अशा मैदानावर धावा रोखणारा गोलंदाज जास्त मोलाचा. आरसीबीचा भर मात्र वर्षानुवर्षे गेल, कोहली आणि एबी डिव्हिलियर्स या त्रयीवर राहिला. शेवटच्या चार-पाच षटकांत टिच्चून मारा करणारे गोलंदाज फारसे टिकले नाहीत. शंभराहून अधिक बळी मिळवून देणारा युझवेंद्र चहलही २०२२ च्या लिलावाआधी सुटला. संघ कधी शिखरावर तर कधी तळाला असायचा. २०१७ साली कोलकात्यात त्याचा डाव अवघ्या ४९ धावांत गुंडाळला गेला. आयपीएलमधली ती नीचांकी धावसंख्या ठरली.

तरीही बेंगळुरूत तिकिटे हातोहात खपत राहिली. गेल्या दशकाच्या उत्तरार्धात ‘ई सला कप नम्दे’, म्हणजे यंदा कप आपलाच, ही कानडी घोषणा घरोघरी पोहोचली. प्रतिस्पर्ध्यांनी तिची दरवर्षी टर उडवली. चाहत्यांनी ती सोडली नाही. अशीच लांबलेली प्रतीक्षा अमेरिकेतल्या बेसबॉलनेही पाहिली होती. तिथे बॉस्टन रेड सॉक्सना ८६ वर्षे, तर शिकागो कब्जना १०८ वर्षे विजेतेपदाने हुलकावणी दिली आणि त्यावर शापाच्या दंतकथा रचल्या गेल्या. २००४ साली बॉस्टनची आणि २०१६ साली शिकागोची प्रतीक्षा संपली, तेव्हा दोन्हीकडे संघबांधणीची सूत्रे थिओ एपस्टीन या एकाच माणसाकडे होती. आकडेवारीचा आधार घेऊन त्याने खेळाडू निवडले होते.

बेंगळुरूत पहिला करंडक आणला तो महिला संघाने. १७ मार्च २०२४ रोजी सांगलीच्या स्मृती मानधनाच्या नेतृत्वाखाली या संघाने महिला प्रीमियर लीगच्या अंतिम सामन्यात दिल्लीला हरवले. बिनबाद ६४ वर असलेली दिल्ली ११३ धावांत गारद झाली. सोफी मोलिनूने एकाच षटकात तीन बळी टिपले, तर श्रेयांका पाटीलने १२ धावांत चार. विजय गोलंदाजांनी खेचून आणला होता.

नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाहच्या लिलावात पुरुष संघानेही हीच वाट धरली. एखाद्या बड्या नावावर थैली रिती न करता जोश हेझलवूडला साडेबारा कोटी, अमरावतीच्या जितेश शर्माला ११ कोटी, भुवनेश्वर कुमारला पावणेअकरा कोटी, कृणाल पांड्याला पावणेसहा कोटी, अशी विभागणी झाली. कर्णधारपद रजत पाटीदारकडे आले. साखळीत परगावचे सातही सामने जिंकणारा हा पहिला संघ ठरला. लखनौला २२८ धावांच्या पाठलागात जितेशने ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा फटकावल्या.

पंजाबविरुद्धच्या अंतिम सामन्यात आरसीबीच्या १९० धावा झाल्या. कृणालने चार षटकांत अवघ्या १७ धावा देऊन दोन बळी घेत पंजाबला जखडले. शेवटच्या षटकात पंजाबला २९ धावा हव्या होत्या. हेझलवूडचे पहिले दोन चेंडू निर्धाव गेले आणि निकाल ठरल्यासारखा झाला. पुढच्या चार चेंडूंवर शशांक सिंगने २२ धावा वसूल केल्या, तोवर सीमारेषेजवळ उभ्या कोहलीचे डोळे भरून आले होते. विजय ६ धावांनी मिळाला. त्या मोसमात सर्वाधिक धावांची किंवा सर्वाधिक बळींची टोपी आरसीबीच्या एकाही खेळाडूकडे नव्हती.

दुसऱ्या दिवशी विजयोत्सवासाठी चिन्नास्वामीबाहेर लाखोंची गर्दी लोटली. प्रवेशद्वारांवरच्या चेंगराचेंगरीत ११ जणांचा जीव गेला, पन्नासहून अधिक जखमी झाले. राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती जॉन मायकल डिकुन्हा यांचा चौकशी आयोग नेमला. त्याच वर्षी बेंगळुरूत ठरलेले महिला विश्वचषकाचे सामने नवी मुंबईला हलवण्यात आले. अंतिम सामनाही तिथेच झाला.