समर्थ आधी ऐकून घेतात

फौजेतून निवृत्त होऊन मी बेंगळुरूत स्थायिक झालो. फौजी माणूस बोलायला उभा राहिला की लोकांना लढाईच्या गोष्टी हव्या असतात. मी आज बोलणार आहे भुतांच्या पुस्तकांबद्दल. म्हणजे नारायण धारपांबद्दल.

मी बेळगावचा. सत्तरच्या दशकात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक खासगी वाचनालय होतं. वाचनालय कसलं, पानाच्या ठेल्याएवढी खोली! बाबूराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईक, धारप, सगळ्यांना एकच खाकी कव्हर. भाडं रोजाचं, त्यामुळे पुस्तक एका रात्रीत संपवायचं. नववीत असताना डिटेक्टिव्ह कथा समजून एक उचललं आणि निघाले त्यात समर्थ!

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. समर्थ हा धारपांचा नायक, अमानवी शक्तींशी झुंजणारा. सोबतीला आप्पा जोशी. धारप शिक्षणानं रसायन-तंत्रज्ञ. शंभरावर पुस्तकं लिहिली त्यांनी. पहिल्याच पानावर भूत आणायची त्यांना घाई नसायची. साधं बिऱ्हाड, साधी माणसं, एखादी बंद खोली. भीती थेंबाथेंबानं वाढायची. आणि घाबरलेला माणूस दारात आला की समर्थ त्याला हसत नसत. आधी त्याचं सगळं ऐकून घेत. हे माझ्या डोक्यात कुठेतरी रुतून बसलं.

पुढे फौजेत गेलो. ईशान्येतल्या एका चौकीवर होतो, तरुण कॅप्टन. एका रात्री पहाऱ्यावरचा जवान थरथरत आला. "साहेब, बांबूच्या बेटापाशी कुणीतरी उभं आहे. टॉर्च मारला की दिसत नाही." त्याला झापणं सोपं होतं. आजूबाजूचे दोघेतिघे हसूही लागले होते. मी त्यांना गप्प केलं, बेटापाशी जाऊन तपास केला. काही नव्हतं. मग परत येऊन त्याच्याशेजारी बसलो आणि म्हटलं, "काय दिसलं, पहिल्यापासून सांग." त्यानं बेटापासून सुरुवात केली आणि पोचला घरी. आई वारली होती. पत्र उशिरा मिळालं होतं. त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. भरलेली रायफल हातात घेऊन हा पोरगा चार रात्री एकटा उभा होता. सकाळी त्याला रजेवर पाठवलं. मी झापून परत पाठवला असता तर काय झालं असतं, हा विचार आजही नकोसा वाटतो.

निवृत्तीनंतर इथं चर्च स्ट्रीटवरच्या जुन्या पुस्तकांत स्टीफन किंगची 'सालेम्स लॉट' मिळाली. १९७५ची कादंबरी. पन्नास पानांत लक्षात आलं, अरे, ही तर आपली 'लुचाई'! पुढे कळलं, धारपांच्या 'आजी' कथेमागेही किंगचीच कथा आहे. 'तुंबाड' सिनेमातली ती म्हातारी 'आजी'वरून आली, म्हणजे किंगकडून धारपांकडे आणि तिथून पडद्यावर.

खरं सांगतो, फसवल्यासारखं वाटलं. वाचनालयातल्या माझ्या प्रतीची पहिली पानं गळालेली होती, त्यामुळे लेखकाचं मनोगत वगैरे मी कधी पाहिलंच नव्हतं. दोन-तीन महिने धारपांना हात लावला नाही. मग 'लुचाई' पुन्हा काढली. सांगाडा किंगचा, हे मान्यच. आणि ज्याचं ऋण त्याचं नाव ठळकपणे घ्यावं, या मताचा मी आहे. पण त्या पानांतली माणसं मराठीत घाबरतात, मराठीत एकमेकांना धीर देतात. बेळगावच्या पोराला किंग कोण सांगणार होतं? त्याला भीती समजावली ती धारपांनी.

२००८ साली धारप गेले. त्यांना एक पत्र लिहायचं राहून गेलं. ते आज तुमच्यासमोर वाचून दाखवलं असं समजा.

घरात कुणी म्हणालं, "मला भीती वाटते," तर हसू नका. शेजारी बसा, आणि पहिल्यापासून सांगायला सांगा.