रंगाखालचा गंज

आम्ही रहिमतपूरच्या बचत गटातल्या बायका आज स्लॅबविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, हे काम गवंड्याचं, आपला काय संबंध? पण त्या स्लॅबखाली दिवसभर वावरतं कोण? आपणच ना!

गेल्या पावसाळ्यात आमच्यातल्या एका ताईंच्या स्वयंपाकघरात छताचा मोठा ढलपा खाली आला. भाकरी करून त्या नुकत्याच उठल्या होत्या, म्हणून वाचल्या. त्या जागी दोन वर्षांपासून तांबूस डाग दिसत होता. "दिवाळीला गिलावा करून रंग मारा," असं आम्हीच सांगितलं होतं. चूक आमचीही होती.

तो डाग म्हणजे आतल्या सळईचा गंज. सिमेंटमध्ये चुन्यासारखा गुण असतो, तो सळईला गंजू देत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरत जातो आणि हे संरक्षण संपतं. त्यात गच्चीवरचं पाणी झिरपलं की सळई गंजते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट आतून फुटतं. वरून रंग मारला तरी आत गंज वाढतच राहतो.

आपल्या जिल्ह्यातलं कोयना धरण आठवा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला आणि धरणाच्या वरच्या भागात आडव्या भेगा पडल्या. तिथलं कारण वेगळं होतं, पण दुरुस्तीची रीत शिकण्यासारखी आहे. भेगा नुसत्या लिंपल्या नाहीत. त्यांत इपॉक्सी भरलं, पोलादी केबलींनी धरण आवळलं आणि पुढे मागच्या बाजूने काँक्रीटचा आधार दिला.

मग घरी काय करायचं? काठीने छतावर हलकेच ठोकून बघा. पोकळ आवाज आला, सळईच्या रेषेत भेग दिसली किंवा तांबूस ओघळ आला, तर त्या जागेखाली पाळणा, चूल, अंथरूण ठेवू नका.

आधी वरचं पाणी थांबवा. गच्चीचा उतार, भेगा आणि पाइप नीट करा, नाहीतर खालचा खर्च वाया जातो. मग खाली टेकू देऊन गवंड्याकडून सगळं सुटं काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढून घ्या. तारेच्या ब्रशने गंज पूर्ण घासून सळईला गंजरोधक लावायचं. मग जुन्या-नव्याला धरून ठेवणारा थर देऊन पॉलिमर मिसळलेला मसाला थराथराने भरायचा. नंतर मसाल्याच्या गोणीवर लिहिलंय तितके दिवस तो ओला ठेवा.

सळई झिजून बारीक झाली असेल, स्लॅब खाली झुकला असेल किंवा बीम-कॉलमला भेग असेल, तर गवंड्यावर सोडू नका. इंजिनिअरला दाखवाच.

नवा स्लॅब टाकताना आपण तिथे उभं राहायचं. ५० किलोच्या एका गोणीला पाणी साधारण २५ ते ३० लिटर, त्याहून जास्त नको. पातळ माल पसरायला सोपा, पण वाळल्यावर सच्छिद्र होतो. सळईखाली खडीचे तुकडे न ठेवता २० मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक ठेवायला सांगा. आणि निदान सात दिवस, जमलं तर दहा दिवस पाणी मारा.

त्या ताईंनी गटाकडे दुरुस्तीसाठी कर्ज मागितलं, तेव्हा आमच्यात वाद झाला. शेळी दूध देते, शिलाई मशीन पैसे देतं, स्लॅब काय देणार? तेव्हा एका आजींनी विचारलं, "त्या शेळीचं दूध काढणारी बाई राहते कुठे?" कर्ज त्याच बैठकीत मंजूर झालं.

पुढच्या बैठकीला येण्याआधी प्रत्येकीने आपलं छत एकदा काठीने ठोकून या. आवाज कसा आला, ते आम्हाला सांगा.