श्वासाची वाट राखणारे हात



अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसलेल्या नातेवाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'व्हेंटिलेटर मिळाला का?' २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनाच्या काळात हा प्रश्न कोल्हापुरात घरोघरी ऐकू आला. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे सर्वांच्या 'सीपीआर'मध्ये, जिल्ह्याबरोबरच कोकणातून व सीमाभागातूनही रुग्ण येतात. यंत्र मिळाले की घरच्यांच्या जिवाला धीर येई. परंतु 'रात्री तीन वाजता त्या यंत्रापाशी कोण उभे आहे?' हा दुसरा प्रश्न क्वचितच विचारला जातो. रुग्णाचे जगणे पुष्कळदा त्याच उत्तरावर अवलंबून असते.

व्हेंटिलेटर श्वास देतो. पण श्वासाची वाट मोकळी ठेवत नाही. निरोगी माणूस खोकून कफ बाहेर टाकतो आणि त्याचे नाक हवा उबदार व ओलसर करते. श्वासनलिकेत नळी घातलेल्या रुग्णाची ही दोन्ही साधने हिरावलेली असतात. त्याला बोलता येत नाही, हाक मारता येत नाही. कफ सुकून नळी तुंबली, तर काही मिनिटांत प्राणावर बेतते.

यंत्रामागील हातांचे मोल १९५२ साली कोपनहेगनने जगाला दाखविले. पोलिओच्या साथीत यंत्रे अपुरी पडली, तेव्हा भूलतज्ज्ञ डॉ. ब्यॉर्न इब्सेन यांच्या सूचनेनुसार रुग्णांच्या गळ्यात छेद घेऊन नळी बसविण्यात आली. सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने रबरी पिशवी दाबून रात्रंदिवस श्वास दिला. श्वास थांबत चाललेल्या दहा रुग्णांपैकी आठांहून अधिक पूर्वी दगावत. ते प्रमाण निम्म्याहून खाली आले. आजच्या अतिदक्षता विभागाचा उगम तेथे आहे.

आज ही राखण प्रामुख्याने परिचारिकेकडे असते. तिचे काम वरवर साधे, पण काटेकोर असते. कफ ओढून घेण्याची क्रिया घड्याळाप्रमाणे नव्हे, गरजेनुसार करावयाची. आधी जादा प्राणवायू द्यावयाचा. आत जाणारी बारीक नळी मुख्य नळीच्या निम्म्याहून कमी जाडीची हवी. एका वेळी १५ सेकंदांहून अधिक काळ ओढावयाचे नाही. अन्यथा प्राणवायू घटतो, हृदयाचे ठोके बिघडतात. नळीभोवतीच्या हवेच्या फुग्याचा दाब पाण्याच्या २० ते ३० सेंटिमीटर इतकाच हवा. दाब कमी पडल्यास लाळ फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो, अधिक झाल्यास श्वासनलिकेच्या भिंतीचा रक्तपुरवठा अडतो. हा दाब बोटाने चाचपून कळत नाही, मापकानेच मोजावा लागतो. उशाकडील भाग ३० ते ४५ अंश उंच ठेवणे, दात घासून तोंड स्वच्छ ठेवणे, ओठांजवळील नळीची खूण प्रत्येक पाळीत तपासणे, हेही तितकेच महत्त्वाचे. आणि यंत्राची घंटा वाजताच आधी रुग्णाकडे पाहावयाचे, मग यंत्राकडे.

हे ज्ञान एका व्याख्यानाने अंगी बाणत नाही. भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता परिचर्येसाठी दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला आहे. परंतु प्रत्येक परिचारिकेला दोन वर्षे मिळणे शक्य नाही. तिला पुतळ्यावर पुनःपुन्हा सराव, रुग्णाशेजारी अनुभवी सिस्टरची साथ, काही महिन्यांनी पुन्हा उजळणी आणि एका वेळी एकाच व्हेंटिलेटरवरील रुग्णाची जबाबदारी मिळाली, तरी खूप साधेल. शिकवलेले गेल्या वर्षीचे असून चालत नाही. कफ ओढण्याआधी नळीत सलाईन सोडण्याची जुनी प्रथा आता सरसकट योग्य मानली जात नाही, हे त्याचेच उदाहरण.

यंत्राच्या देणगीवर नावाची पाटी लागते. परिचारिकेच्या प्रशिक्षणावर लागत नाही. तरीही एका यंत्राबरोबर ते हाताळणाऱ्या चार हातांच्या शिक्षणाचा खर्च दात्यांनी उचलावा. मध्यरात्री मुक्या रुग्णाची घरघर ऐकून जी सिस्टर क्षणात धावते, तिच्या हातून ते दान सार्थकी लागेल.